शिडाच्या होडीचे दोर: कुठला घ्यायचा, डोळा कसा सांधायचा, टोक कसं बांधायचं

वाघूरकाठ

जळगावात १३ फुटी शिडाची होडी तयार होत आली आहे. एक मुख्य शीड, पुढे लहान जिब, अॅल्युमिनियमची साडेपाच मीटरची डोलकाठी. आता दोरांचं काम उरलंय. इथल्या दोरवाल्यांकडे किलोवर मिळणारा हिरवा-निळा प्लास्टिक दोर आहे, पांढरा तिपेडी आहे ज्याला सगळे सरसकट 'नायलॉन' म्हणतात, आणि मुंबईहून मागवला तर वेणीचा दोर मिळतो. विचारायचं असं की कुठल्या कामाला कुठला दोर, किती जाडीचा, आणि टोकांना गाठी चालतील की स्प्लाइसच (पेड दोरातच खोवून केलेला सांधा) करायला हवी? धरणावर होडी चालवायच्या परवानगीचा विषय कृपया इथे नको, त्याला वेगळा धागा काढू.

डोलकाठी_भुसावळ

आधी त्या पांढऱ्या दोराची जात ठरवा, कारण बाजारातला 'नायलॉन' निम्म्या वेळा नायलॉन नसतोच. चाचणी घरच्या घरी होते. पाच सेंटिमीटरचा तुकडा घ्या, पेड मोकळे करा, साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बोटांनी दाबून आतली हवा काढा. हवा अडकलेली असेल तर चाचणी खोटी ठरते.

साध्या पाण्यावर तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. बुडाला तर एक लिटर पाण्यात ३५० ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यात टाका. या पाण्याची घनता १.२ च्या आसपास असते. नायलॉन १.१४ चं, म्हणून वर येतं. पॉलिएस्टर १.३८ चं, ते तळाशीच राहतं. जाळून बघायचं असेल तर पॉलिएस्टरचा धूर काळा आणि काजळीचा, नायलॉनचा पांढुरका. पण मिठाचं पाणी जास्त भरवशाचं.

आता काम कुठलं ते बघून:

शीड वर चढवायचा हॅलियार्ड ताणला जाता कामा नये. पॉलिएस्टर, ५ ते ६ मिमी, वेणीचा. नायलॉनचा हॅलियार्ड लावलात तर वारा वाढला की शीड खाली सरकतं, पुढच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडतात आणि होडी वाऱ्यावर चढत नाही.

मेनशीट, म्हणजे मुख्य शीड ओढायचा-सोडायचा दोर, हातात धरायची असते. ताकदीला ५ मिमीही पुरेल, पण तळहात कापला जातो. ८ ते ९ मिमी, मऊ वेणीचा पॉलिएस्टर. जिबची शीट ६ ते ८.

नांगराला आणि काठाला बांधायला मात्र नायलॉनच, तिपेडी, १० मिमी. इथे त्याचं ताणणं उपयोगाचं आहे, झटका तो खातो. भिजल्यावर नायलॉनची ताकद दहा-पंधरा टक्के उतरते, तेवढं धरून चाला. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट सोडायचा, वारं असेल तर सातपट.

हिरवा-निळा दोर पॉलिप्रॉपिलीन असतो. तो शिडाला नको. उन्हात तो फार लवकर खलास होतो. दोन उन्हाळे बाहेर राहिलेला दोर पिळून बघा, बोटांना पांढरी पूड लागते. त्याला एकच चांगला गुण, तो तरंगतो. पाण्यात पडलेल्या माणसाकडे फेकायचा दोर म्हणून होडीत १५ मीटर ठेवा, सावलीत, आणि दर वर्षी बदला.

अमळनेरी

स्प्लाइसचं इतकं कौतुक का हे कळत नाही. बोलाईनची गाठ मारून टोकाला फास केला की झालं. सुटते, परत मारता येते, दोर वाया जात नाही.

कप्पी_१२

अमळनेरी भाऊ, जिबच्या शीटला बोलाईनच योग्य, तिथे कोणी स्प्लाइस करायला सांगणार नाही. पण गाठीत दोर जिथे तीव्र वळतो तिथे बाहेरचे तंतू जास्त ताणले जातात आणि आतले रिकामे राहतात, म्हणून बोलाईनमध्ये दोराची ताकद साठ-पासष्ट टक्क्यांवर येते. नीट केलेल्या स्प्लाइसमध्ये नव्वदच्या वर राहते. १२ मिमी तिपेडी पॉलिएस्टर सुमारे २२०० किलोला तुटतो. गाठ मारली की तो १४०० चा झाला.

तेरा फुटी होडीला हा फरक कागदावरच राहतो, हेही खरं. खरा फरक दुसरा आहे. गाठीचा गोळा कप्पीत अडकतो, शिडाला घासतो, आणि सतत फडफडणाऱ्या दोरावर बोलाईन सैल होऊन सुटू शकते. जो डोळा, म्हणजे टोकाचा फास, कायमचा राहणार आहे तो सांधा. रोज सोडायचं ते टोक गाठीचं.

वाघूरकाठ

मग नांगराच्या दोराचा डोळा पहिला करतो. १० मिमी, मिठाच्या पाण्यावर तरंगला, म्हणजे नायलॉन. पायऱ्या सांगाल का?

डोलकाठी_भुसावळ

सांगतो. साहित्य: टेप, धारदार सुरी, मेणबत्ती किंवा लायटर, १० मिमी दोराचं थिंबल (डोळ्याच्या आत बसणारी खोबणीची कडी), आणि पेड उचलायला टोकदार खुंटी, म्हणजे फिड. बाजारात फिड मिळालं नाही तर शिसवीची किंवा बाभळीची काठी पेन्सिलीसारखी तासून पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, त्याची कड तंतू कापते आणि ते बाहेरून दिसत नाही.

टोकापासून २५ सेंटिमीटरवर दोराभोवती टेप घट्ट गुंडाळा. इथपर्यंतच पेड उकलायचे. तिन्ही पेडांची टोकं टेपने निमुळती करा, मग टेपच्या कडेला किंचित वितळवा. नायलॉन वितळताना थेंब गळतो आणि कातडीला चिकटतो, हाताने चोळून टोक करायला जाऊ नका.

उकललेल्या पेडाचा स्वतःचा पीळ टिकला पाहिजे. अर्धी कामं इथेच बिघडतात. पेड हातात सैल झाला की तो चपटा होतो, आतली सुतं वेगळी होतात आणि खोवल्यावर एकच सूत भार घेतं. म्हणून प्रत्येक वेळी पेड खोवण्यापूर्वी त्याला त्याच्याच दिशेने एक-दोन पीळ द्यायचे.

दोर थिंबलभोवती फिरवा. उकललेले पेड मुख्य दोरावर तिरपे ठेवा. मधला पेड सर्वांत आधी. मुख्य दोराचा एक पेड खुंटीने उचला आणि मधला पेड त्याखालून, दोराच्या पिळाच्या उलट दिशेने काढा. आपल्याकडचा जवळजवळ सगळा तिपेडी दोर उजव्या पिळाचा असतो. दोर उभा धरून बघितला तर पेड खालून डावीकडून वर उजवीकडे जाताना दिसतात. डोळा खाली, मुख्य दोर वर असा धरलात तर खोवायची दिशा उजवीकडून डावीकडे.

मग डावा पेड. मधला पेड ज्या पेडाखाली गेला, त्याच्या वरून जाऊन पुढच्या पेडाखाली.

आता डोळा उलटा करा. मुख्य दोराचा एकच पेड रिकामा उरला असेल. तिसरा पेड त्याखालून. इथे नव्वद टक्के लोक चुकतात, कारण दोर उलटला की हात आपोआप तो पेड डावीकडून उजवीकडे घालतो. दिशा तीच, उजवीकडून डावीकडे. गरज पडली तर पेड मागून वळवून आणा.

तीन पेड ओढून थिंबलला चिकटवा आणि थांबा. तपासा: तिन्ही पेड एकाच उंचीवर बाहेर येतायत, आणि प्रत्येक दोन पेडांच्या फटीतून एकेकच पेड बाहेर आलाय. एका फटीतून दोन आणि एकीतून एकही नाही असं दिसलं तर पहिला फेराच काढा. पुढे कितीही फेरे घाला, ते सुधारत नाही.

पुढचे फेरे सोपे: प्रत्येक पेड शेजारच्या एका पेडावरून, त्याच्या पुढच्याखालून. नायलॉन, पॉलिएस्टरला पूर्ण पाच फेरे. गुळगुळीत तंतू आहे, तीन फेऱ्यांत घसरतो. पाच झाले की प्रत्येक पेडातली एक तृतीयांश सुतं कापून एक फेरा, परत एक तृतीयांश कापून आणखी एक. म्हणजे जाडी हळूहळू उतरते आणि स्प्लाइस संपते तिथेच दोर तुटण्याची शक्यता कमी होते.

शेवटी दोन फळ्यांमध्ये लाटून गोल करा. पेडांची उरलेली शेपटं लगेच मुळाशी कापू नका. एकदा दोराला ताण द्या, स्प्लाइस बसू द्या, मग दोराच्या जाडीइतकं शेपूट ठेवून कापा आणि टोक वितळवा. मुळाशी कापलेलं शेपूट पहिल्या झटक्यालाच आत सरकतं.

वाघूरकाठ

केलं. पाच फेरे झाले, फटी तपासल्या, एकेकच पेड आहे. पण थिंबल हलतं. हाताने फिरतं.

डोलकाठी_भुसावळ

पहिला फेरा ओढताना थिंबल डोळ्याच्या आत नव्हतं, किंवा पेड वरच्या दिशेने ओढले. ओढायचं ते डोळ्याच्या दिशेने, खाली. नायलॉन ताणलं की डोळा लांबतो आणि सैल थिंबल आडवं होऊन दोरालाच कापतं, तेव्हा 'थोडंसं हलतं' म्हणून सोडू नका. नायलॉनला थिंबल सुरुवातीला इतकं घट्ट हवं की हाताने काढता येऊ नये. नाहीतर थिंबलच्या मानेशी मेणाच्या दोऱ्याने आठ-दहा वेढे घट्ट बांधा.

दाभण

वेढ्यांचा विषय निघालाच आहे तर टोकांबद्दल. दोराचं टोक नुसतं वितळवून सोडायची सवय सगळीकडे आहे. वितळलेला गोळा उन्हात कडक होतो, तडकतो, आणि ती तडकलेली कड हातात घुसते. मेनशीटच्या टोकाला हे नकोच.

तिपेडी दोराला दाभणाने शिवलेली बांधणी करा. चपला शिवणाऱ्यांकडे मेण लावलेला नायलॉन किंवा पॉलिएस्टर दोरा मिळतो, एक मिमीच्या आतला, तो उत्तम. पोती शिवायचं दाभण फार जाड पडतं, ते १२ मिमीच्या वरच्या दोराला. ८ मिमीला गोधडीची जाड सुई पुरते.

टोकापासून दोन जाडी सोडून दोरा एका पेडाखालून ओवून अडकवा. आता टोकाकडे सरकत, पिळाच्या उलट दिशेने वेढे घाला, एकाला एक चिकटून. वेढ्यांची एकूण लांबी दोराच्या जाडीइतकी, फार तर दीडपट. १० मिमीच्या दोराला १० ते १५ मिमी. मग सुई एका फटीतून काढून वेढ्यांवरून पेडांच्या खोबणीतून खाली, दुसऱ्या फटीतून वर, असं तिन्ही खोबण्यांतून दोनदा. हे तिरपे टाके वेढ्यांना सरकू देत नाहीत. शेवटी दोन टाके दोराच्या आत घेऊन कापा. त्यानंतर हवं तर टोक हलकं वितळवा, बांधणीपासून ५ मिमी दूर.

वेणीच्या दोराला खोबण्या नसतात, तिथे सुई आरपार काढून चार बाजूंनी तिरपे टाके घ्यायचे. आवरण आणि गाभा दोन्ही सुईत आले पाहिजेत. गाभा सुटला तर तो आत सरकतो आणि टोक रिकाम्या बाहीसारखं लोंबतं.

टोकाचे पेड मागे वळवून खोवायची बॅक स्प्लाइस अनेक जण करतात. ती दावणीच्या दोराला ठीक. कप्पीतून जाणाऱ्या टोकाला नाही, जाडी जवळजवळ दुप्पट होते.

नाना_शहादा

दावणीचा विषय काढला म्हणून लिहितो. आपल्या भागात दोर सांधणं नवं नाही. मोटेचा नाडा तुटला की तो सांधूनच वापरत, आणि नाडा चाकावरून जात असल्याने सांधा लांब घ्यावा लागे. अंबाडीच्या आणि घायपाताच्या वाखाचा दोर खरबरीत असतो, म्हणून त्याला तीन फेरे पुरतात. पाच घातले तर नुसता जाडपणा. मात्र सांधण्याआधी पेड भिजवून घ्यायचे, कोरडा वाख वळताना मोडतो.

होडीत मात्र असा दोर आता लावू नका. भिजला की फुगतो आणि आखूड होतो, वाळला की सैल पडतो. ओला गुंडाळून ठेवला तर आतून कुजतो, बाहेरून चांगला दिसत असताना. पीळ उघडून आत बघा. आतला वाख काळपट आणि बोटाने तुटणारा असेल तर फेकून द्या. सुताचा दोर हाताला सर्वांत गोड, पण कुजण्यात तोही तसाच.

लांब सांध्याची रीत ज्यांना येते त्यांनी लिहावी. हल्लीच्या पोरांना आखूडच येतो.

डोलकाठी_भुसावळ

बराबर शे, नाना. लांब सांध्याबद्दल थोडक्यात. आखूड सांध्यात दोन टोकांचे पेड एकमेकांत बसवून दोन्ही बाजूंना खोवतात. मजबूत, पण जाड, कप्पीतून जात नाही. लांब सांध्यात एका बाजूचा पेड लांबवर उकलून त्याच्या रिकाम्या खोबणीत समोरच्या दोराचा पेड बसवतात, दुसरीकडे उलट, आणि मधली जोडी आहे तिथेच राहते. तिन्ही जोड्या एकमेकांपासून लांब पडतात, म्हणून जाडी वाढत नाही. त्याला आखूडपेक्षा कितीतरी जास्त दोर लागतो आणि ताकद आखूडपेक्षा कमी असते. कृत्रिम दोरात तो घसरतोही. होडीचा हॅलियार्ड तुटला तर सांधू नका, नवा घ्या. सहा मिमीचा दहा-बारा मीटर दोर काही एवढा महाग नाही.

अमळनेरी

ठीक आहे, पटलं. वेणीच्या दोराला डोळा कसा? त्याला तर पेडच नाहीत.

कप्पी_१२

दुहेरी वेणी म्हणजे बाहेर आवरण, आत गाभा, दोन्ही विणलेले. पॉलिएस्टरच्या दुहेरी वेणीत भार दोघांत साधारण निम्मा-निम्मा असतो, म्हणून दोन्ही सांधावे लागतात: आवरणाचं टोक गाभ्यात, गाभ्याचं टोक आवरणात.

मापाचं एकक म्हणजे फिडची लांबी, दोराच्या जाडीच्या २१ पट. १० मिमीला २१० मिमी. आखूड माप त्याच्या छत्तीस टक्क्यांच्या आसपास, ७५ मिमी धरा. पोकळ फिड नसेल तर स्वेटर विणायची पोकळ सुई, टोक गोल केलेली, चालते. किंवा १ मिमी तार दुमडून तिचा लांब फास करा, त्यात टोक अडकवून ओढा.

टोकापासून २१० मिमीवर आवरणावर खूण, तिला 'र' म्हणू. हवा तेवढा डोळा करून 'र' च्या समोर मुख्य दोरावर खूण 'क्ष'. 'क्ष' पासून पाच फिड, म्हणजे १०५ सेंमीवर दोराला सैल गाठ मारा. ही गाठ विसरू नका, नाहीतर गाभा आत कितीही सरकत जाईल आणि मापांना अर्थ राहणार नाही.

'क्ष' वर आवरणाची वीण सुईने बाजूला करून गाभा बाहेर काढा. गाभा जिथून बाहेर आला तिथे गाभ्यावर खूण १. आणखी गाभा ओढा, खूण १ पासून गाठीच्या दिशेने ७५ मिमीवर खूण २. तिथून २८५ मिमीवर, म्हणजे एक पूर्ण अधिक एक आखूड मापावर, खूण ३.

आवरणावर 'र' पासून टोकाकडे विणीतल्या दोऱ्यांच्या आठ जोड्या मोजा, तिथे भोवताली खूण 'त'. 'त' पासून टोकापर्यंत काही जोड्या एकाआड एक कापून ओढून काढा, म्हणजे शेपूट निमुळतं होतं. ते आवरण गाभ्यात खूण २ मधून आत, खूण ३ मधून बाहेर, 'त' खूण २ ला टेकेपर्यंत. मग गाभ्याचं टोक आवरणात 'त' मधून आत आणि 'क्ष' च्या किंचित पुढे बाहेर. दोघांची जिथे फुली होते ती घट्ट ओढा. तिथून दोन्ही बाजूंना हाताने निसटवत जा, आवरणाचं शेपूट आत गडप होईल. गाभ्याचं उरलेलं शेपूट 'क्ष' पाशी कापा.

आता गाठीकडून डोळ्याकडे आवरण हाताने निसटवत आणा. जमा झालेली सगळी ढील फुलीवरून पुढे सरकते आणि उघडा गाभा आत गिळला जातो. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर अडतातच. दोर हुकाला अडकवा, अडलेला भाग वाकवून मोकळा करा, लाकडी हातोडीने हलके ठोका, परत ओढा. जबरदस्तीने एकदम ओढलं तर आवरण गोळा होतं. शेवटी मानेशी आरपार पाच-सहा टाके घाला, कारण बिनभाराचा डोळा हलून हलून उलटा निसटू शकतो.

नव्या दोरालाच हे माप लागू. वापरलेल्या दोरात आवरण आखडलेलं असतं, गाभा जागा देत नाही. पाण्यात भिजवून थोडं जमतं, पण त्यापेक्षा शिवलेला डोळा करा.

वाघूरकाठ

श्राउड आणि फोरस्टेसाठी (डोलकाठीला बाजूंनी आणि पुढून ताणून धरणारे दोर) स्टीलच्या तारेऐवजी डायनीमा, म्हणजे तो फार मजबूत कृत्रिम दोर, घालायचा विचार आहे. तार दाबायचं यंत्र जळगावात कुठे शोधू? ५ मिमी पुरेल ना?

कप्पी_१२

ताकदीचा प्रश्नच नाही. ३ मिमीची १×१९ (एकोणीस तारा पिळलेली) स्टेनलेस तार सुमारे पाऊण टनाची असते, ५ मिमी डायनीमा दोन-अडीच टनांच्या वर. तरी ५ च घ्या. डायनीमात जाडी ताकदीसाठी नव्हे, ताणाखाली रेंगाळत लांबू नये म्हणून ठेवायची. सततच्या भाराखाली तो हळूहळू वाढतो, आणि तापमान चढलं की जास्त वाढतो. खानदेशातल्या मे महिन्यात होडी उन्हात उभी ठेवून श्राउड ताणलेले ठेवू नका. उतरताना अर्धा ताण सोडा.

दुसरी गोष्ट फार कोणी सांगत नाही. तापलं की अॅल्युमिनियम वाढतं, डायनीमा उलट आखडतो. साडेपाच मीटरला तीस अंशांचा फरक धरा, आपल्याकडे थंडीतली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यात तेवढा सहज असतो. डोलकाठी जवळजवळ चार मिमी वाढते, दोर दोन मिमी आखडतो. सहा मिमीचा फरक. थंडीत बेताचा ताण दिलेला श्राउड एप्रिलच्या दुपारी तारेसारखा वाजतो. म्हणून खाली टर्नबकल (आट्याने ताण देणारा जोड) नको, दोरीची लॅशिंग ठेवा: ३ मिमी डायनीमाचे सहा वेढे डोळा आणि होडीवरच्या पट्टीमध्ये, शेवट चार-पाच अर्ध्या गाठींनी. ऋतूनुसार मिनिटात बदलता येतं.

दाभण

डायनीमाला गाठ मारू नये हेही स्पष्ट लिहा. तो इतका गुळगुळीत असतो की बोलाईन भाराखाली घसरते, आणि टिकली तरी निम्मी ताकद जाते. सांधायला मात्र तो सर्वांत सोपा. बारा पेडांची पोकळ वेणी, आत काहीच नाही.

पुरायची लांबी जाडीच्या ७२ पट. ५ मिमीला ३६ सेंमी. टोकापासून ३६ सेंमीवर खूण अ, तिथून डोळ्याच्या घेराइतक्या अंतरावर खूण ब. टोक ब मधून आरपार काढून अ पर्यंत ओढा. मग दोराचं दुसरं टोक अ मधून आरपार. दोन्ही एकमेकांत अडकले की डोळा कुलूपबंद होतो. एका टोकाला हे सहज होतं. दुसऱ्या टोकाला दोराचं मोकळं टोक मिळत नाही, तिथे शेपूट साधं पुरून वर टाके घाला.

पुरण्याआधी शेपटाचा शेवटचा तिसरा हिस्सा, १२ सेंमी, निमुळता करायचा: दर काही वीणींनंतर एक पेड काढून कापत जा, शेवटी दोन-तीनच उरतील. तिरपं एकदम कापलं तर जिथे शेपूट संपतं तिथे दोरात पायरी पडते आणि भार तिथेच एकवटतो. वर तीस-चाळीस टाके. भार पुरलेला भाग घेतो, टाके फक्त सैल असताना निसटू देत नाहीत, तेव्हा दोरा घट्ट आवळू नका.

कप्पी_१२

लांबी मोजताना: शेपूट आत गेलं की दोर फुगतो आणि आखूड होतो. आधी एक टोक पूर्ण करा. तो डोळा भक्कम खुंट्याला अडकवून चेन पुलीने तुटण-भाराच्या पंधरा-वीस टक्के ताण द्या, रात्रभर ठेवा. मग दुसऱ्या टोकाचं माप घ्या. न ताणता मोजलेले दोन श्राउड पहिल्या दिवशी सारखे आणि आठवड्याने वेगळे होतात. ताण देताना दोराच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही.

डोळ्यात बसणारी पिन आणि डोळा यांचं प्रमाणही बघा. डोळ्याची लांबी पिनच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी, पाचपट चांगली. कमी असेल तर दोन पाय फाकतात आणि मान उसवते. कप्पीचं चाक दोराच्या जाडीच्या आठपट असावं. लहान होडीत हे जमत नाही, पण विहिरीच्या कप्पीसारखं खरबरीत बिडाचं चाक तरी नको.

अमळनेरी

काठाला बांधायच्या दोराला ठिबकची १६ मिमीची लॅटरल चढवली तर? घासण्यापासून वाचेल. शेतात ढीग पडलेत.

डोलकाठी_भुसावळ

चढवा, कल्पना चांगली आहे. काळी असल्याने उन्हात टिकते. दोन काळज्या. नळीच्या कडा आतून सुरीने गोल करा, नाहीतर ताजी कापलेली कड दोराला करवतते. आणि नळीला दर दोन सेंमीवर भोकं पाडा. ड्रिपरची भोकं पुरेशी नाहीत. नायलॉन सतत ताणत-सुटत असताना आतून तापतं, बंद नळीत पाणी पोचत नाही आणि दोर आतल्या आत वितळल्यासारखा होतो. नळी जागेवर राहावी म्हणून दोन्ही टोकांना दोऱ्याने दोरालाच बांधा.

धरणाचं पाणी पावसाळ्यानंतर उतरत जातं, काठ मागे सरकतो. दोर तेवढा जास्तीचा ठेवा आणि नळी जिथे घासते त्या जागी सरकवत राहा.

नाना_शहादा

गाळाचं काय? तापीचा आणि काळ्या मातीचा गाळ फार बारीक असतो, दोरात बसला की निघत नाही.

दाभण

तेच लिहायचं राहिलं होतं. नाना म्हणतात तसा गाळ दोराच्या आत जाऊन प्रत्येक ताणासरशी तंतू घासतो, दोर आतून पिकतो. महिन्याने एकदा बादलीत कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, अर्धा तास भिजवून हाताने पिळा, दोन-तीन पाण्यांतून काढा, सावलीत वाळवा. धुण्याचा सोडा पॉलिएस्टरला मारतो, अॅसिड नायलॉनला. म्हणून शेडमध्ये ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळ आणि खताच्या पोत्यांवर दोर टांगू नका. बॅटरीचा एक थेंब पडलेला नायलॉन दोर बाहेरून फक्त किंचित पिवळा दिसतो.

गुंडाळताना उजव्या पिळाचा दोर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. वेणीचा दोर आठाच्या आकारात, त्याला एकाच दिशेने गुंडाळलं तर पीळ साठतो आणि मेनशीट ऐन वेळी कप्पीत मुरड पडून अडते. नव्या रिळातून काढताना रीळ दांड्यावर फिरू द्या, बाजूने वेटोळी ओढू नका.

वाघूरकाठ

शेवटचा प्रश्न. नांगराच्या दोराचं होडीकडचं टोक. तिथेही थिंबल आणि डोळा?

डोलकाठी_भुसावळ

नाही. नांगराकडे थिंबलचा डोळा आणि शॅकल (पिनने बंद होणारी कडी), शॅकलची पिन तारेने बांधलेली. होडीकडचं टोक शिवलेलं, आणि ते पुढच्या कड्याला एक पूर्ण वेढा देऊन साध्या दोन अर्ध्या गाठींनी. मोठी लाकडी फांदी किंवा मासेमारीचं जाळं नांगरात अडकलं आणि वर येईना, तर ते टोक भाराखालीही सोडता आलं पाहिजे. तिथे सांधलेला डोळा असेल तर सुरी शोधत बसावं लागेल. सोडण्याआधी त्या टोकाला रिकामा पाच लिटरचा कॅन बांधा, म्हणजे नंतर येऊन उचलता येईल.

वाघूरकाठ

समजलं. कॅन घेतो, पण झाकण घट्ट आहे का बघून.